मशीन लावलं की आवाज वाचतो का?

पत्र थोडक्यात असं आहे. सांगली जिल्ह्यातल्या एक ताई, वय ४४, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवतात आणि गावच्या भजनी मंडळात मुख्य गाणाऱ्या त्याच. गळ्यात उजव्या बाजूला साडेतीन सेंटीमीटरची थायरॉइडची गाठ निघाली, सुईच्या तपासणीत 'बेथेस्डा ४' असा रिपोर्ट आला, डावी बाजू सोनोग्राफीत स्वच्छ. सांगलीतले सर्जन म्हणतात उजवा अर्धा भाग काढू. ते बरीच वर्षं ही ऑपरेशनं करतात, पण त्यांच्याकडे नर्व्ह मॉनिटरचं, म्हणजे ऑपरेशन चालू असताना आवाजाची नस तपासायचं, मशीन नाही. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं की पूर्ण थायरॉइड काढून टाकू, आमच्याकडे मॉनिटर आहे त्यामुळे आवाजाची काळजी करू नका, त्याचे ४५ हजार वेगळे. मिस्टर म्हणतात पैशाकडे बघू नकोस, पुण्यालाच जाऊ. मावसबहिणीचा आवाज अशाच ऑपरेशननंतर बसला तो बसलाच, त्यामुळे ताईंची झोप उडालीय. सांगलीच्या डॉक्टरांना मशीनबद्दल खोदून विचारायचं धाडस होत नाही, त्यांना राग येईल असं वाटतं. प्रश्न असा: मशीनशिवाय ऑपरेशन करणं म्हणजे आवाजाशी जुगार आहे का? ताजा कलममध्ये मंगळसूत्राचाही एक प्रश्न आहे.

ताई,

तुमच्या पत्रात मशीन हा शब्द जागोजागी आहे आणि 'अर्धं की पूर्ण' हे जेमतेम एका ओळीत येऊन गेलंय. आवाजाच्या दृष्टीने हे नेमकं उलट असायला हवं होतं असं माझं मत आहे. पण तुम्ही मशीनबद्दल विचारलंय तर आधी तेच सांगते, ते नीट कळलं की बाकीचं सोपं जाईल.

मी भूलतज्ज्ञ, आता रिटायर्ड. सर्जन गळ्यापाशी उभे असतात आणि आम्ही डोक्यापाशी, आणि या मॉनिटरची खास नळी घशात घालायचं काम आमचंच असतं, त्यामुळे माझी या मशीनशी ओळख जरा दुसऱ्या बाजूने झालीय, हे लक्षात ठेवून वाचा.

थायरॉइडच्या मागून दोन्ही बाजूंना एकेक नस वर जाते, जाडी दीड-दोन मिलिमीटर, नाव रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह, ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सगळे आरएलएन म्हणतात. तिचा रस्ता मोठा विचित्र आहे. मेंदूकडून आलेली व्हेगस नस आधी गळ्यातून खाली जाते, तिची ही फांदी डावीकडे छातीत उतरून महाधमनीखालून आणि उजवीकडे हाताला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीखालून वळसा घेऊन पुन्हा गळ्यात वर येते, आणि मग स्वरयंत्रात शिरते. आवाजाचे दोन्ही स्वरतंतू उघडणं-मिटणं हिच्याच जिवावर चालतं. अडचण अशी की स्वरयंत्रात शिरायच्या जरा आधी ती थायरॉइडला इतकी चिकटून जाते की गाठ काढायला सर्जनने थायरॉइड उचलून आतल्या बाजूला ओढली की नसही सोबत ताणली जाते.

आता मशीन. जी श्वासाची नळी आम्ही एरवीही घालतोच, त्याच नळीवर स्वरतंतूंच्या पातळीला इलेक्ट्रोड बसवलेले असतात. सर्जनच्या हातात एक बारीक सळईसारखा प्रोब असतो, त्यातून साधारण एक मिलिअँपिअरचा करंट जातो. प्रोब नसेला लावला, नस शाबूत असली, की स्वरतंतूंचे स्नायू किंचित आकसतात, नळीवरचा इलेक्ट्रोड ते टिपतो, स्क्रीनवर लाट उठते आणि मशीन टुक टुक करतं. इलेक्ट्रिशियनचा टेस्टर असतो ना, वायरला लावला की दिवा लागतो, काम तेवढंच. टेस्टर हातात आहे म्हणून वायर तुटायची राहत नाही, फक्त कुठली वायर चालू आहे आणि काम संपल्यावर चालू राहिली का ते कळतं.

म्हणजे 'मशीन आहे त्यामुळे आवाजाची काळजी करू नका' हे वाक्य ज्या कुणी तुम्हाला सांगितलं, त्यांनी जरा घाई केली. मशीन सांगतं, वाचवत नाही. नस कापली जाणं हे तसं कमी वेळा होतं, जास्त वेळा ती ताणली जाते, नाहीतर कॉटरीची (रक्त थांबवायला विजेवर चालणारं हत्यार) आच लागते, आणि अशी दुखावलेली नस डोळ्यांना अगदी ठणठणीत दिसते. मशीनचा खरा उपयोग इथे आहे, की डोळ्यांना न दिसणारं ते दाखवतं. पण साध्या प्रकारच्या मॉनिटरमध्ये सर्जन प्रोब लावतील तेव्हाच कळणार, म्हणजे बहुतेकदा जे व्हायचं ते होऊन गेल्यावर. दुसरा एक प्रकार असतो, त्यात व्हेगस नसेवर इलेक्ट्रोड बसवून ठेवतात आणि मशीन दर काही सेकंदांनी आपणहून तपासत राहतं. लाट निम्म्याने खाली आली आणि उशिरा येऊ लागली की सर्जन ओढ सैल करतात आणि बऱ्याचदा लाट परत येते. हा प्रकार त्यातल्या त्यात 'वाचवण्याच्या' जवळ जातो, पण तो आपल्याकडे कमी ठिकाणी आहे. पुण्यात कुठला आहे हे विचारलंत का? ४५ हजार सांगताना त्यांनी ते सांगायला हरकत नव्हती.

आकडे हवे असतील तर, पोलंडमध्ये १००० पेशंटवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये छापून आला, निम्म्यांना मॉनिटर, निम्म्यांना नुसतं नस डोळ्यांनी शोधून ऑपरेशन. तात्पुरती आवाजाची कमजोरी मॉनिटरवाल्यांत कमी दिसली, तीही मुख्यतः अवघड ऑपरेशनांत. कायमच्या इजेत फरक नाही. मग २०१९ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, अशा पाच अभ्यासांची, म्हणजे एकूण १५५८ पेशंटची, छाननी केली आणि मॉनिटर चांगला की नुसती नजर चांगली हे ठामपणे सांगता येत नाही असं स्पष्ट लिहिलं. कायमची इजा मुळातच चांगल्या हातांत शंभरात एखादी-दुसरी, त्यामुळे फरक सिद्ध करायला प्रचंड मोठे अभ्यास लागतात, हेही खरं. पण 'मशीन नाही म्हणजे जुगार' असं म्हणण्याइतका आधार कुठेही नाही, तेव्हा हे ओझं आधी डोक्यावरून उतरवा.

मशीनच्या आधीपासून चालत आलेली आणि आजही सगळ्यांनी मानलेली गोष्ट म्हणजे नस डोळ्यांनी शोधणं. एके काळी सर्जन नसेच्या वाटेलाच जायचे नाहीत, हात लावला तर बिघडेल म्हणून. बॉस्टनच्या फ्रँक लाही यांनी १९३८ मध्ये तीन हजारांवर ऑपरेशनांचा अनुभव मांडून सांगितलं की नस लपवू नका, उघडी करून बघा, त्याने इजा कमी होते. सांगलीचे डॉक्टर जर प्रत्येक पेशंटमध्ये नस शोधून, शेवटपर्यंत मोकळी करून मगच ग्रंथी काढत असतील तर ते काही जुनाट काम करत नाहीयेत. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनीही हेच करायचं असतं, मशीन वरून जोड म्हणून.

आणि मशीन असणं वेगळं, चालवता येणं वेगळं. हे भूलवाल्यांच्या बाजूचं आहे म्हणून जरा बारकाईने सांगते. एरवी आम्ही स्नायू ढिले करायचं औषध देतो, ते मॉनिटरच्या केसमध्ये बेताने द्यावं लागतं किंवा त्याचा असर उतरवावा लागतो, नाहीतर नस ठणठणीत असूनही स्नायू हलणार नाहीत आणि मशीन गप्प बसेल. नळी घातली, इलेक्ट्रोडचा पट्टा बरोबर स्वरतंतूंच्या मध्ये आला, सगळं छान, मग सर्जन येऊन खांद्याखाली उशी सरकवून मान मागे करतात आणि नळी एक-दोन सेंटीमीटर सरकते. आता इलेक्ट्रोड भलतीकडेच. मान मागे केल्यानंतर पुन्हा स्कोप, म्हणजे दुर्बीण, घालून नळी बघायची असते, जी टीम हे रोज करते ती बघते, जी वर्षातून दोनदा करते ती विसरते. मग ऐन मोक्याला लाट जाते, ओटीत शांतता पसरते आणि कुणालाच कळत नाही की नस गेली की नळी सरकली. अशा वेळी सर्जन स्वरयंत्राच्या मागे बोट ठेवून प्रोब लावतात, बोटाला थरथर जाणवली तर नस ठीक आहे आणि गडबड नळीत आहे. साधा उपाय आहे, पण माहीत असावा लागतो. शेवटी लाट चांगली असेल तर स्वरतंतू हलणार यावर जवळजवळ डोळे मिटून विश्वास ठेवता येतो. लाट गेली म्हणजे मात्र आवाज गेलाच असं नाही, अशांतल्या बऱ्याच जणांचे स्वरतंतू नंतर नीट हलताना दिसतात.

म्हणून कुणी सांगलीच्या डॉक्टरांना 'भाड्याने मशीन मागवा' असं सुचवलं तर मला ते फारसं पटणार नाही. हो, आपल्याकडे केसपुरतं मशीन घेऊन कंपनीचा माणूस येण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. पण जिथे सर्जन, भूलवाले आणि नर्स तिघांनाही त्याची सवय नाही तिथे पहिला प्रयोग तुमच्या गळ्यावर कशाला.

आता अर्धं की पूर्ण.

अर्ध्या ऑपरेशनात फक्त उजवी नस वाटेत येते. डावीकडे कुणी फिरकतच नाही. पूर्ण ऑपरेशनात दोन्ही नसा वाटेत येतात आणि तिथला खरा धोका नुसता घोगरेपणाचा नाही, दोन्ही बाजू दुखावल्या तर स्वरतंतू मध्येच अडकतात, श्वास घेता येत नाही आणि कधी कधी गळ्याला छिद्र पाडून नळी ठेवावी लागते. हे क्वचितच होतं, पण अर्ध्या ऑपरेशनात, डावी नस आधीपासून ठीक असेल तर, होऊच शकत नाही. शिवाय कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींपैकी डावीकडच्या दोन जागच्या जागी राहतात, बोटं-ओठ झिणझिणणं, मुठी वळणं, महिनोन्महिने कॅल्शियमच्या गोळ्या, हे टळतं (आणि त्या ग्रंथींबद्दल नर्व्ह मॉनिटर एक अक्षर बोलत नाही, तेही जाता जाता). उरलेला अर्धा थायरॉइड बहुतेकींना पुरतो, साधारण पाचातल्या एकीला पुढे थायरॉक्सिनची गोळी लागते. पूर्ण काढला तर गोळी जन्माची, त्यात दुसरा विचारच नाही.

बेथेस्डा ४ म्हणजे काय हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. सुईच्या तपासणीत पेशी दिसतात पण गाठीचं बाहेरचं आवरण दिसत नाही, आणि या प्रकारच्या गाठीत कॅन्सर आहे की नाही हे आवरण फोडून पेशी बाहेर गेल्यात का यावरच ठरतं. म्हणजे गाठ काढून पूर्ण तपासल्याशिवाय उत्तर नाही. कॅन्सर निघण्याची शक्यता ढोबळमानाने चारातली एक ते तीनातली एक. उलटी बाजू अशी की चारातल्या तिघींच्या, निदान तीनातल्या दोघींच्या गाठी साध्या निघतात, आणि साध्या गाठीसाठी चांगली डावी बाजू काढून टाकलेली असेल तर ती परत लावता येत नाही. म्हणून अशा रिपोर्टला आधी अर्धाच भाग काढणं ही जगभरची नेहमीची पद्धत आहे, सांगलीच्या डॉक्टरांनी काही कमीपणाचं सुचवलेलं नाही. आणि समजा कॅन्सर निघालाच, तरी चार सेंटीमीटरपर्यंतच्या, बाहेर न पसरलेल्या, कमी धोक्याच्या कॅन्सरला अर्धं ऑपरेशन पुरेसं होऊ शकतं असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१५ पासून मान्य केलंय. काहींना दुसरं ऑपरेशन लागतं, हे खरंय, ती शक्यता मनात धरूनच जायचं.

पुण्याच्या डॉक्टरांकडेही काही कारण असू शकतं हां. तुम्हाला आधीपासून थायरॉइडची गोळी चालू असेल, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झालेला असेल, लहानपणी मानेला रेडिएशन मिळालेलं असेल, मानेत संशयाच्या गाठी दिसत असतील, तर पूर्ण काढण्याला अर्थ येतो. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. तेव्हा मशीनबद्दल विचारण्याआधी पुण्याला फोन करून एवढंच विचारा, 'डावी बाजू स्वच्छ असताना माझी पूर्ण का काढायची?' पटण्यासारखं उत्तर आलं तर मला परत लिहा. 'पुन्हा पुन्हा कटकट नको म्हणून एकदाच काढून टाकू' असं आलं, तर ती कटकट कुणाची, याचा विचार तुम्हीच करा.

मशीन कुठे खरंच कामाचं, तर दोन्ही बाजूंच्या ऑपरेशनात. पहिली बाजू झाली, सर्जनने प्रोब लावला, लाट नाही. शहाणा सर्जन तिथे थांबतो, गळा बंद करतो, दुसरी बाजू नस सावरल्यावर पुन्हा कधीतरी. मशीनचा सगळ्यात मोठा फायदा हाच, थांबायचं कधी ते कळतं. त्यामुळे ज्यांचं पूर्ण ऑपरेशन ठरलंय अशा बाकीच्या वाचकांना सांगते, मशीन आहे का हे विचारून थांबू नका, पुढे विचारा की पहिल्या बाजूला सिग्नल गेला तर तुम्ही थांबणार का, आणि तसं संमतीपत्रात लिहिणार का. कारण पेशंटला आधी न सांगता अर्ध्यावर थांबलं तर बाहेर नातेवाईक 'ऑपरेशन अपुरं का सोडलं' म्हणून वाद घालतात आणि त्या भीतीने आत काही जण पुढे रेटतात. तसंच एकदा ऑपरेशन होऊन गेलेला गळा, छातीत उतरलेला मोठा गॉयटर (सुजून वाढलेला थायरॉइड), नसेजवळ पसरलेला कॅन्सर, किंवा एका बाजूचा स्वरतंतू आधीच बंद पडलेला असेल, तर मशीन असलेल्या ठिकाणी मुद्दाम जावं, कर्ज काढायची वेळ येणार नसेल तर नक्कीच.

ताई, तुम्ही गाणाऱ्या आहात म्हणून आणखी एक. आतापर्यंत सांगितली ती आरएलएन, बोलण्याच्या आवाजाची नस. वरच्या सुरांची नस वेगळी, ती तर आणखी बारीक, थायरॉइडच्या वरच्या टोकाला रक्तवाहिन्यांच्या अगदी लगत. ती स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूकडे जाते. ती दुखावली तर वर्गात शिकवताना कुणाला कळणारही नाही, पण अभंगात तार सप्तकात गेलात की आवाज चढणार नाही, लवकर थकेल. सर्जरीच्या जगात या नसेची एक कहाणी सांगतात. आमेलिता गाली-कुर्ची नावाची मोठी इटालियन ऑपेरा गायिका होती, तिचं १९३५ मध्ये शिकागोला गॉयटरचं ऑपरेशन झालं, पूर्ण भूल न देता, आणि त्यात ही नस गेली म्हणून तिचं गाणं संपलं असं पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं. पुढे २००१ मध्ये दोन सर्जननी जुन्या नोंदी, त्या वेळचे वर्तमानपत्रातले अभिप्राय काढून बघितले आणि दोष त्या ऑपरेशनवर टाकायला आधार नाही असं लिहिलं. खरं काय असेल ते असो, तिच्यामुळे सर्जन या नसेला घाबरायला लागले हे बरंच झालं. हीसुद्धा प्रोब लावून शोधता येते, पण प्रत्येक जण शोधतोच असं नाही. मशीन असो नसो, सर्जनना सांगा की मी गाते, वरच्या पट्टीत गाते. वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्या एकत्र न बांधता एकेक करून, ग्रंथीला लागून बांधल्या तर ही नस सांभाळली जाते, आणि गाणारी पेशंट आहे हे माहीत असलेला सर्जन तिथे दोन मिनिटं जास्त देतो, हे मी डोक्यापाशी उभं राहून बघितलंय.

विचारायचं कसं, हा तुमचा खरा अडलेला घास आहे. 'तुमच्याकडे मशीन का नाही' असं विचारलंत तर कुणीही माणूस जरा ताठ होणारच. असं विचारून बघा: 'सर, माझं पोट आवाजावर आहे. तुम्ही महिन्याला अशी किती ऑपरेशनं करता? नस दरवेळी शोधता का? तुमच्या पेशंटपैकी कुणाचा आवाज कायमचा बसला का, आणि मग तुम्ही काय केलंत?' अमेरिकेतला २०१७ चा एक मोठा अभ्यास सांगतो की वर्षाला २५ पेक्षा जास्त थायरॉइड करणाऱ्या सर्जनकडे गुंतागुंत कमी होते, म्हणजे महिन्याला दोन-तीन तरी हवीतच. नुसतं 'वीस वर्षं करतोय' यावर जाऊ नका, वीस वर्षांत चाळीस केलेलेही असतात. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'माझ्याकडे कधीच नाही झालं' असं उत्तर आलं तर मी जरा सावध होईन, कारण ज्याने भरपूर केलीयत त्याच्याकडे कधी ना कधी झालेलं असतंच. जो सांगेल की हो, इतक्यांना झालं, इतक्यांचा परत आला, एकाला पुढे पाठवावं लागलं, तो माणूस मोजतोय. आणि एवढ्यावरून राग आलाच तर बरंच झालं, ऑपरेशनच्या आधी कळलं.

एक तपासणी मात्र कुठेही गेलात तरी करून घ्या, ती राहिली तर बाकी सगळं हवेत. ऑपरेशनच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन नाकातून बारीक स्कोप घालून स्वरतंतू बघून घ्यायचे. पाच मिनिटांचं काम, भूल नाही, खर्चही मशीनच्या मानाने किरकोळ. काही जणांचा एक स्वरतंतू गाठीमुळे किंवा एखाद्या जुन्या व्हायरलनंतर आधीच बंद असतो आणि दुसरा त्याची भरपाई करत असल्याने आवाजावरून पत्ताही लागत नाही. तुमचा डावा असा निघाला तर मी आतापर्यंत लिहिलेलं बरंचसं बदलेल, मग पुण्याला जाऊन मशीन लावूनच करा. व्हिडिओ पेनड्राइव्हवर मागून घ्या. घरी मोबाइलवर स्वतःचा आवाजही रेकॉर्ड करून ठेवा, वर्गात वाचता तसा एक धडा आणि तुमचा नेहमीचा एक अभंग, वरच्या सुरासकट. नंतर 'आवाज पूर्वीसारखा नाही' असं वाटलं तर तुलना करायला काहीतरी हातात असेल.

नंतरचं थोडक्यात. पहिले काही दिवस आवाज घोगरा असू शकतो, तो बहुतेकदा आमच्या नळीमुळे, नसेमुळे नव्हे, घाबरू नका. पहिल्या २४ तासांत मान फुगली, श्वास कोंडला तर सकाळची वाट न बघता नर्सला लगेच बोलवायचं. पाणी पिताना ठसका लागत राहिला, किंवा दोन आठवड्यांनीही आवाज हवेशीर, फुसका येत असेल, तर पुन्हा स्कोप. 'येईल हळूहळू' म्हणून सहा महिने बसून राहू नका. ताणलेली नस बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत सावरते, वर्षभर वाट बघतात, पण त्या काळात स्पीच थेरपी लवकर सुरू केली तर फरक पडतो, आणि फारच अडलं तर स्वरतंतूत भरणीचं इंजेक्शन देऊन तो मध्ये आणता येतो. शाळेत परत जाल तेव्हा कमरेला लावायचा छोटा माइक घ्या, पुढेही वापरा, चाळीस पोरांवर ओरडून गळ्याची जी वाट लागते ती काही थायरॉइडच्या सर्जनने लावलेली नसते.

तुमच्या मावसबहिणीचं वाचून मात्र वाईट वाटलं, कारण 'बसला तो बसलाच' असं आपल्याकडे सहज म्हणून सोडून देतात. त्यांनी नंतर स्कोप केली होती का? एक स्वरतंतू बंद असेल तर तो बाहेरून छोटं ऑपरेशन करून आत सरकवता येतो, थायरोप्लास्टी म्हणतात, जपानच्या इस्शिकी यांनी १९७० च्या दशकात बसवलेली पद्धत आहे, आणि बरीच वर्षं उलटली तरी करता येते. त्यांना आवाजाचं काम करणाऱ्या ईएनटी डॉक्टरांकडे घेऊन जा, तुमचं ऑपरेशन व्हायच्या आधी घेऊन गेलात तर दोघींनाही बरं.

माझा कौल विचारलात तर, स्कोपमध्ये दोन्ही स्वरतंतू हलताना दिसले, सांगलीच्या डॉक्टरांनी वरच्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली, आणि पुण्याकडून पूर्ण काढायला ठोस कारण आलं नाही, तर मी सांगलीला अर्धंच करून घेईन. पुण्यातलेच डॉक्टर अर्धं करायला तयार झाले आणि मशीन त्यांच्या रोजच्या वापरातलं असेल तर तेही वाईट नाही, ४५ हजार जड नसतील तर द्या, मनाची शांती हाही खर्च धरायला हरकत नाही. फक्त वैद्यकीय बिलाची प्रतिपूर्ती टाकणार असाल तर ती खास नळी मंजूर होते का हे शाळेच्या क्लार्कला आधी विचारून ठेवा, आणि नळी एकदाच वापरायची असते, तिचं स्टिकर फाइलला लावलेलं बघा. मिस्टरांनाही हे वाचायला द्या, पैशाकडे बघू नकोस असं म्हणणारा नवरा मिळालाय ते चांगलंच आहे, पण इथे जास्त पैशाची वाट तीच जास्त काळजीची, असं काही नाही.

राहिलं मंगळसूत्र. ओटीत जाताना ते काढावंच लागतं, गळ्याचं ऑपरेशन आहे आणि कॉटरी चालते, धातू अंगावर नको. सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर स्ट्रेचरवर असताना तो विषय निघतो आणि तुमचं बीपी वाढतं, जे आम्हाला चालत नाही. काळा दोरा मनगटाला बांधलेला चालतो, स्टाफला दाखवून बांधा. नंतर टाक्याची जागा पूर्ण भरेपर्यंत, साधारण महिनाभर, मणी घासतील असं काही घालू नका, मग लांब घाला. व्रण मानेच्या घडीत घेतात, सहा-आठ महिन्यांत फिका पडतो, तोवर उन्हात जाताना पदर किंवा सनस्क्रीन, आणि डॉक्टर सांगतील तेव्हापासून सिलिकॉनचं जेल लावायचं.